घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाविषयीची आपली बहुतेक माहिती नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून किंवा कुणाच्या तरी अर्धवट ऐकलेल्या खटल्यावरून आलेली असते. तिच्यातील चुकांची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते, आणि मोजणाऱ्यांत मुलेही असतात. खालील उत्तरे भारतातील कायद्याविषयी, मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ याविषयी आहेत. इतर कायद्यांचा उल्लेख गरजेप्रमाणे केला आहे. ही माहिती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, परंतु वकिलाला नेमके काय विचारायचे हे तिच्यावरून ठरवता येईल.

आम्ही दोघांनी स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून, नोटरी करून घेतली आहे. घटस्फोट झाला असे समजावे का?

नाही. हा गैरसमज सर्वांत अधिक पसरलेला आहे आणि सर्वांत अधिक नुकसान करणाराही आहे, म्हणून त्याला पहिली जागा दिली आहे. हिंदू विवाह कायद्याखाली झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. नोटरीचा शिक्का त्या कागदावरील सह्या कोणाच्या आहेत एवढेच सांगतो, विवाह मोडण्याचा अधिकार नोटरीला नाही. एखाद्या समाजात फारकतीची रूढी पूर्वापार चालत आलेली असेल, तर कायद्याच्या कलम २९ ने तिला मान्यता दिली आहे. मात्र ती रूढी प्राचीन, अखंड आणि सार्वजनिक धोरणाशी सुसंगत आहे हे तिचा आधार घेणाऱ्यालाच पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास ते लग्न रद्दबातल ठरते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकणारा गुन्हा घडतो. अशी सोडचिठ्ठी हातात असेल तर तिच्यातील अटी फेकून देण्याची गरज नाही, त्याच अटी परस्पर संमतीच्या अर्जात मांडून रीतसर हुकूमनामा घ्यावा.

आमच्या विवाहाला कोणता कायदा लागू होतो?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यातील विवाहांना हिंदू विवाह कायदा लागू होतो. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली नसल्यास तो लागू होत नाही, त्यांच्या बाबतीत त्यांच्या रूढी पाहिल्या जातात. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केलेल्यांना, त्यांचा धर्म कोणताही असो, तोच कायदा लागू होतो. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे आणि पारशी दांपत्यांसाठी १९३६ चा स्वतंत्र कायदा आहे. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयात जाता येते, तसेच खुला (पत्नीच्या पुढाकाराने होणारा घटस्फोट) आणि मुबारत (दोघांच्या संमतीने होणारा घटस्फोट) हे मार्गही आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अवैध ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा झाला आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाला किती काळ लागतो?

कलम १३-ब नुसार अर्ज करण्यापूर्वी पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असले पाहिजेत. येथे ‘विभक्त’ याचा अर्थ पती-पत्नी म्हणून एकत्र न नांदणे असा आहे, त्यामुळे घर एकच असूनही हे विभक्तपण असू शकते. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. ही सहा महिन्यांची मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मात्र एक वर्षाचे विभक्तपण आणि वर आणखी सहा महिने अर्जापूर्वीच उलटून गेलेले असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सर्व बाबी खरोखर मिटलेल्या असाव्यात, असे त्या निकालात म्हटले आहे. केवळ घाई आहे म्हणून मुदत माफ होत नाही.

संमतीच्या अर्जातील अटींमध्ये काय लिहून घ्यावे?

या प्रश्नाकडे द्यावे तेवढे लक्ष दिले जात नाही. सुटका व्हावी एवढीच इच्छा त्या वेळी मनात असते, आणि ‘ते आपण आपापसांत बघून घेऊ’ या एका वाक्यावर पुढच्या दहा वर्षांच्या भांडणाचा पाया घातला जातो. अंमलबजावणी करण्याची वेळ येते तेव्हा न्यायालय हुकूमनाम्यात काय लिहिले आहे हे पाहते. तोंडी दिलेले शब्द तेथे उपयोगी पडत नाहीत.

म्हणून रक्कम लिहिताना ती कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने आणि किती हप्त्यांत द्यायची, हप्ता चुकल्यास काय, हे लिहावे. दरमहा रक्कम ठरली असेल तर ती दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल हेही लिहावे, कारण आज पहिलीत असलेल्या मुलाचा खर्च दहावीत तेवढाच राहत नाही. मुलांच्या बाबतीत केवळ ‘ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क’ एवढे लिहून भागत नाही. आठवड्यातील कोणता वार, कोणती वेळ, मुलाला कोठून घ्यायचे आणि कोठे सोडायचे, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी विभागायची, शाळेच्या पालकसभेला कोणी जायचे, आजारपणात कोणाला आणि केव्हा कळवायचे, पासपोर्टसाठी सही कोण देणार, हे सर्व कागदावर असावे. दागिने आणि वस्तू यांची यादी जोडावी आणि त्या मिळाल्याची पोच घ्यावी. एकमेकांविरुद्ध अन्य खटले चालू असतील तर ते कोण, केव्हा आणि कसे मागे घेणार हेही स्पष्ट करावे.

घरावर दोघांच्या नावे कर्ज असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. ‘हप्ते यापुढे पती भरेल’ अशी अट तुम्हा दोघांना बांधते, परंतु बँक त्या कराराचा भाग नसते, त्यामुळे बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत दोघांची जबाबदारी कायम राहते.

संमती दिल्यानंतर विचार बदलला तर?

हुकूमनामा होईपर्यंत कोणत्याही एका पक्षाला संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे. तथापि तडजोडीतील रक्कम किंवा इतर लाभ घेऊन मग मागे फिरणाऱ्या पक्षाकडे न्यायालये कठोरपणे पाहतात. म्हणून रकमेचे टप्पे अर्जाच्या वेळच्या पहिल्या आणि संमती कायम असल्याचे सांगण्याच्या दुसऱ्या जबाबाशी जोडून ठरवणे दोघांच्याही हिताचे असते.

एकाची तयारी नसेल तर घटस्फोट कोणत्या कारणांवर मागता येतो?

कलम १३ मध्ये व्यभिचार, शारीरिक किंवा मानसिक क्रूरता, अर्जापूर्वी सलग दोन वर्षे केलेला जोडीदाराचा त्याग (त्याला सोडून राहणे), धर्मांतर, एकत्र राहणे अशक्य करणारा गंभीर मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास आणि सात वर्षे हयातीची खबर नसणे ही कारणे आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले, आणि ते फार पूर्वीच जायला हवे होते. व्यभिचार हा २०१८ पासून फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, परंतु घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. न्यायिक विभक्ततेचा (विवाह न मोडता वेगळे राहण्याचा) किंवा नांदायला येण्याचा हुकूमनामा झाल्यावर वर्षभरात सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही, तर त्या आधारावरही घटस्फोट मागता येतो.

लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी सामान्यतः अर्ज करता येत नाही. असाधारण हालअपेष्टा असतील तर न्यायालयाची परवानगी घेऊन करता येतो.

‘आमचे पटत नाही’ एवढे कारण पुरेसे आहे का?

विवाह पुन्हा सावरता येणार नाही इतका मोडला आहे, हे स्वतंत्र कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून अशा कारणावर विवाह संपुष्टात आणू शकते, असे घटनापीठाने मे २०२३ मध्ये सांगितले, परंतु हा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला किंवा उच्च न्यायालयाला नाही. त्यामुळे एकतर्फी अर्जात घटना, तारखा आणि पुरावे यांच्या आधारे क्रूरता किंवा त्याग दाखवावा लागतो. नित्याच्या कुरबुरी म्हणजे क्रूरता नव्हे. तिचे मोजमाप करताना एखादी सुटी घटना न पाहता दीर्घकाळच्या वागणुकीचा एकत्रित परिणाम पाहिला जातो. वकिलाच्या सांगण्यावरून न घडलेल्या गोष्टी अर्जात घालू नयेत. खोटे आणि निराधार आरोप हीच समोरच्या पक्षाशी केलेली मानसिक क्रूरता ठरल्याचे अनेक निकाल आहेत.

अर्ज कोठे करायचा, आणि न्यायालयात काय घडते?

जेथे लग्न झाले, जेथे समोरचा पक्ष राहतो किंवा जेथे दोघे शेवटचे एकत्र राहिले, तेथील कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जेथे राहते तेथेही करता येतो, ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. कौटुंबिक न्यायालय नसेल तेथे हे काम जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर चालते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करणे अपेक्षित असल्याने विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. तेथे जाणे म्हणजे नांदायला तयार होणे नव्हे, मनमोकळेपणाने बोलावे. याच कायद्यानुसार वकील देणे हा पक्षकाराचा अंगभूत हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, परंतु व्यवहारात ती बहुधा मिळते. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी विनंतीही करता येते.

मुलांचा ताबा कोणाला मिळतो?

येथे कायद्याची भाषा आणि आपली भाषा यांतील अंतर आधी समजून घ्यावे. आपण ‘मूल कोणाला मिळणार’ असे विचारतो, जणू वाटणीत एखादी वस्तू यावी. न्यायालय मात्र ‘मुलाचे हित कोठे आहे’ असे विचारते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ मध्ये मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार असल्याचे म्हटले आहे, आणि आईचा हक्क, वडिलांचा हक्क, कोणाची कमाई किती, हे सारे त्याच्या नंतर येते. त्याच कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. ‘सामान्यतः’ या शब्दामुळे अपवादाला जागा राहते, आणि पाच वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते असाही त्याचा अर्थ नाही. वडील हे पहिले नैसर्गिक पालक असा उल्लेख कायद्यात असला, तरी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईलाही वडिलांच्या हयातीत नैसर्गिक पालक म्हणून वागता येते असा त्याचा अर्थ लावला.

न्यायालय प्रत्यक्षात पाहते ते असे: आजवर मुलाचे खाणे, अभ्यास, आजारपण कोणी सांभाळले, शाळा आणि सवंगडी बदलावे लागतील का, घरात हिंसा किंवा व्यसन आहे का, भावंडे एकत्र राहतील का, आणि ताबा मिळाल्यास तो पालक मुलाचे दुसऱ्या पालकाशी नाते टिकू देईल का. या शेवटच्या मुद्द्याला लोक कमी लेखतात. आई नोकरी करते म्हणून तिला ताबा नाकारला जात नाही, आणि कमी कमावते म्हणूनही नाही, कारण खर्चाची तजवीज पोटगीतून करता येते.

संयुक्त पालकत्व असा स्वतंत्र शब्द या कायद्यांत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५७व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. तरीही दोघांची तयारी असेल तर तशी व्यवस्था हुकूमनाम्यात लिहून घेता येते. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

मुलाचे मत विचारले जाते का?

समजुतीने पसंती सांगू शकेल एवढे मूल मोठे असेल तर न्यायालय त्याचे म्हणणे विचारात घेऊ शकते, आणि अनेकदा न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात. कायद्यात त्यासाठी ठराविक वय नाही. मुलाचे मत हा एक घटक असतो, त्याच्यावर निकालाचे ओझे टाकलेले नसते. म्हणूनच मुलाला उत्तरे पढवू नयेत, ही कळकळीची विनंती आहे. पढवलेले बोल अनुभवी न्यायाधीशांना आणि समुपदेशकांना ओळखू येतात, आणि मुलाला मात्र एका पालकाविरुद्ध बोलल्याची टोचणी दीर्घकाळ सोबत करते.

पोटगी थकली म्हणून मुलाची भेट थांबवता येते का? किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी?

दोन्ही गोष्टी करता येत नाहीत. भेटीचा आदेश आणि पोटगीचा आदेश स्वतंत्र आहेत, आणि दोन्ही मुलाच्या हितासाठी आहेत. भेट नाकारली जात असेल तर प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि संदेश जपून ठेवून न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज करावा. मूल दूरच्या शहरात किंवा परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवरून नियमित संपर्काचा आदेश मागता येतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काच्या हक्काचे महत्त्व स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

पोटगी कोणत्या कायद्याखाली मागावी?

मार्ग अनेक आहेत. घटस्फोटाचा खटला चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो, आणि निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मागता येते. मुलांच्या पालनपोषणासाठी आणि शिक्षणासाठी कलम २६ आहे. घटस्फोट न मागताही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील यांना दाद मागता येते. हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे, सर्वांना परिचित असलेले कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून त्याचा क्रमांक बदलला. ते सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुले आहे, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खालीही आर्थिक मदत, राहण्याचा हक्क आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. एकापेक्षा अधिक मार्ग वापरल्यास आधीच्या आदेशाची माहिती नंतरच्या न्यायालयाला द्यावीच लागते आणि रकमांचा मेळ घातला जातो.

पोटगीची रक्कम कशी ठरते?

ठराविक सूत्र नाही. २०१७ च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली गेली आणि तेव्हापासून तो आकडा नियमासारखा सांगितला जातो, पण तो त्या प्रकरणापुरता अंदाज होता. दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता, लग्नातील राहणीमान, वय, प्रकृती, शिक्षण, मुलांच्या गरजा, संसारासाठी सोडलेली नोकरी, अवलंबून असलेले आईवडील आणि कर्जे, हे सर्व पाहिले जाते.

४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन मोठे बदल केले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात देणे बंधनकारक झाले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरले. त्यामुळे अर्ज लांबवू नये. पगारपत्रके, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे, शाळेच्या फीच्या आणि औषधांच्या पावत्या आधीच गोळा कराव्यात. शपथपत्रात उत्पन्न लपवणे ही खोट्या साक्षीची बाब होऊ शकते. धडधाकट माणसाने ‘मला सध्या काम नाही’ एवढे म्हणून जबाबदारी टळत नाही.

पत्नी कमावती असेल तर? पतीला पोटगी मागता येते का?

पत्नी कमावते एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. तिच्या उत्पन्नात लग्नातील राहणीमानाच्या जवळपास जगता येते का, हे पाहिले जाते. शिक्षण आहे म्हणजे उत्पन्न आहे असेही नाही. मुलांची जबाबदारी मात्र दोन्ही कमावत्या पालकांवर आपापल्या ऐपतीप्रमाणे येते. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ पती-पत्नी दोघांनाही लागू आहेत, त्यामुळे खरोखर असमर्थ असलेला पतीही मागू शकतो. कलम १४४ खाली मात्र पतीला पोटगी मागता येत नाही. नांदायला जाण्याचा हुकूमनामा पत्नीने पाळला नाही म्हणून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे.

‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असे मी लिहून दिले आहे. आता काय?

पालनपोषणाचा हक्क मुलाचा आहे, तो आईने किंवा वडिलांनी सोडून दिल्याने संपत नाही. मुलाच्या वतीने स्वतंत्र अर्ज करता येतो. हिंदू कायद्याखाली अविवाहित मुलीचा, ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर, वयाच्या १८ वर्षांनंतरही हा हक्क राहतो.

पोटगी थकवली तर?

कलम १४४ खालील थकबाकीसाठी वॉरंट काढून वसुली होऊ शकते आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही. या मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि ही मुदत माहीत नसल्यामुळे अनेक स्त्रियांचे पैसे बुडतात. पगारावर किंवा मालमत्तेवर जप्ती आणण्याचा मार्गही असतो.

स्त्रीधन आणि घर यांचे काय होते?

लग्नापूर्वी, लग्नात आणि लग्नानंतर पत्नीला मिळालेले दागिने आणि भेटी हे तिचे स्त्रीधन आहे, ते सासरच्यांकडे ठेवायला दिले तरी मालकी तिचीच राहते. पावत्या, लग्नातील छायाचित्रे आणि याद्या जपाव्यात. घराबाबत, ‘अर्धी मालमत्ता पत्नीची’ असा नियम आपल्याकडे सर्वसाधारणपणे नाही, ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने घेतली त्याचा हक्क पाहिला जातो. गोव्यात मात्र जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसल्यास, दांपत्याची मालमत्ता सामाईक मानली जाते. मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील ‘सामायिक निवासस्थान’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे, म्हणून कायदेशीर प्रक्रियेशिवाय पत्नीला रस्त्यावर काढता येत नाही.

परदेशातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट येथे चालतो का?

प्रत्येक वेळी नाही. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यात मान्य असलेल्या कारणावर तो दिलेला असावा, आणि समोरच्या पक्षाने स्वेच्छेने त्या न्यायालयापुढे येऊन आपली बाजू मांडलेली असावी, असे १९९१ च्या निकालाचे सार आहे. परदेशातून नोटीस आली तर ती दुर्लक्षून चालत नाही, लगेच वकिलाला दाखवावी. मुलांच्या पळवणुकीसंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नसल्याने, मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेले गेल्यास प्रकरण विशेष गुंतागुंतीचे होते.

पुन्हा लग्न केव्हा करता येते?

अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले गेल्यावर. हिंदू विवाह कायद्याखाली ही मुदत ९० दिवसांची आहे. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती एकापेक्षा अधिक काढून ठेवाव्यात. कलम २५ खालील कायमस्वरूपी पोटगी घेणाऱ्या व्यक्तीने पुनर्विवाह केल्यास ती रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, मुलांच्या पोटगीवर त्याचा परिणाम होत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आणि कायद्यातील इतर निकष लागू होतात. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. घरात मारहाण होत असेल तर कागदपत्रांची वाट न पाहता महिलांसाठीच्या १८१ या मदतक्रमांकावर आधी फोन करावा.